दुधाचे दांत आणि तांदळाएवढी पेस्ट

“दुधाचे दांत ते, पडावयाचेच आहेत. त्यांची एवढी काळजी कशास?” हें वाक्य ज्या घरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें घर आमच्या पाहण्यांत तरी नाहीं. आमच्या घरीं तें उच्चारणारे गृहस्थ आम्ही स्वतःच होतों. तीसांहून अधिक वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, विद्यार्थ्यांस प्रत्येक विधानापुढें ‘कां?’ असा प्रश्न करावयास सांगितलें, आणि या एका विधानापुढें मात्र तो प्रश्न करावयाचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. त्याचें फळ आम्हांसच भोगावें लागलें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. तें आमच्या थोरल्या नातीनें भोगलें, आणि तेंही वयाचीं चार वर्षें पुरीं होण्याच्या आंत.

तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतील गोष्ट. घरीं सत्यनारायण होता; पाहुणे-रावळे, प्रसादाचा शिरा, पेढे, सर्व यथासांग झालें. रात्रीं दोनच्या सुमारास पोर गालावर हात दाबून रडत उठली. आमच्या कुटुंबानें लवंगेचें तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेस लाविलें. घटकाभर डोळा लागला, पुन्हां रडणें सुरू. सकाळीं तिला खिडकीपाशीं उजेडांत धरून तोंड उघडावयास लाविलें, तों खालच्या दोन दाढांस काळीं भोकें पडलेलीं, आणि वरचे पुढचे चारही दांत हिरडीच्या कडेशीं तपकिरी होऊन झिजलेले! हे दांत आम्ही रोज पाहत होतों. पोर हंसली कीं ते दिसतच होते. कोणी म्हणे चॉकलेटचे डाग, कोणी म्हणे औषधाचे. आणि आम्ही आमचें तें ठरलेलें वाक्य म्हणत होतों.

दवाखान्यांतील दंतवैद्य बाई आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या होत्या, परंतु त्या दिवशीं परीक्षा आमचीच होती. दांत कोण घासतें? मुलगी स्वतःच घासते. दिवसांतून किती वेळां? सकाळीं एकदां. कशानें? येथें आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, रसायनें नकोत म्हणून वनस्पतींचें मंजन आम्ही स्वतः निवडून आणितों. त्यांत फ्लोराइड आहे काय? नाहीं, नसावें म्हणूनच तर तें आणिलें! झोपतांना दूध? साखर घालून, बाटलींत. पितां पितांच झोपते. बाईंनीं कोणासही बोल लाविला नाहीं. एका दाढेची मुळापर्यंत सफाई करून तीवर पोलादी टोपी बसविली. दुसरी वांचविण्यासारखी राहिली नव्हती. ती काढिली, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत शेजारची दाढ सरकूं नये म्हणून तारेचें कडें बसविलें. परततांना रिक्षांत पोर म्हणाली, “पुढच्या वेळीं आजोबा नकोत, आईच येऊं दे.” आम्हांस तें लागलें, पण तिचें म्हणणें रास्त होतें.

दुधाचे दांत पडतात हें खरें; पण केव्हां पडतात हें आम्हीं कधीं मोजलें नव्हतें. पहिला दांत साधारण सहाव्या महिन्यांत येतो आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वीस दांतांची पंगत पूर्ण होते. पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं पडूं लागतात, परंतु मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडांत असतात. म्हणजे जी दाढ ‘आतां पडेलच’ म्हणून आम्हीं सोडून दिली होती, तिच्या वाट्यास अजून सहा-सात वर्षें पोळी-भाकरी चावण्याचें काम होतें. शिवाय तिच्या खालीं कायमची दाढ घडत असते. वरची दाढ तिची जागा राखून बसलेली असते. ती अकालीं गेली तर शेजारच्या दाढा त्या जागेंत कलतात, आणि खालून येणारीला वाट उरत नाहीं. दुधाच्या दांताचें वरचें कवच, ज्यास शास्त्रांत दंतवल्क म्हणतात, कायमच्या दांतापेक्षां पातळ असतें. म्हणून एकदां भोक पडलें कीं कीड आंतल्या मज्जेपर्यंत लवकर पोंचते.

आमच्या कुटुंबाचा आक्षेप निराळा होता. “अहो, आपल्या लहानपणीं कोठें होतें हें सारें? राखुंडीनें दांत घासले, आणि झालें नाहीं का आपलें?” या प्रश्नास उत्तर द्यावयास आम्हांस दोन दिवस लागले. आमच्या लहानपणीं साखर रेशनच्या पिशवींतून घरांत येई आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेविली जाई. दोन जेवणांच्या मध्यें मुलाच्या हातीं गोड पदार्थ पडण्याचा योग म्हणजे कोणाचें तरी लग्न किंवा मुंज. तेव्हां दांत टिकले याचें श्रेय आम्ही राखुंडीला देत आलों, तें खरें पाहतां फडताळाच्या वरच्या फळीस द्यावयास हवें होतें. आणि टिकले तरी कोणाचे? आमच्या वडिलांनीं पन्नाशींतच कवळी बसविली होती.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक लाजविणारी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत दंतधावन दिवसांतून दोन वेळां करावें असें स्पष्ट सांगितलें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत तें सकाळीं आणि जेवणानंतर करावें, काडीचें टोक मऊ असावें व हिरड्यांस इजा होऊं देऊं नये, असें आहे. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन हीं झाडेंही सांगितलीं आहेत. आम्ही ह्या ग्रंथांचा अभिमान बाळगणारे. मंजन आणितांनाही त्यांचेंच नांव घेऊन आणिलें. परंतु झाडांचीं नांवें तेवढीं ध्यानांत ठेविलीं आणि ‘दोन वेळां’ हा भाग सोयिस्करपणें विसरलों. जुन्याचा अभिमान असा अर्ध्यावर थांबतो.

‘कीड’ हा शब्दही फसवा आहे. सुश्रुतानें कृमिदंत म्हणून या रोगाचें वर्णन केलें आहे, आणि दांतांत अळी असते ही समजूत जगभर होती. फ्रान्समधील पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत ती नाकारली. पुढें बर्लिन येथें काम करणारा अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यानें १८९० सालीं खरा प्रकार मांडिला. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर खाऊन आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताच्या कवचांतील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवितें. साखर पोटांत गेली तरी आम्ल लगेच जात नाहीं. अर्धा तास किंवा अधिक वेळ तें दांताभोंवतीं राहतें. नंतर लाळ तें धुऊन काढिते आणि गेलेला क्षार थोडा थोडा परत भरते. ही देवाण-घेवाण दिवसभर चालू असते. मुलाला पुन्हां पुन्हां गोड मिळालें, म्हणजे देणें थांबतच नाहीं आणि घेण्यास वेळच उरत नाहीं. झोपेंत तर लाळ अगदींच कमी सुटते; म्हणून झोपतांना तोंडांत राहिलेलें गोड दूध सर्वांत वाईट. वरचे पुढचे दांत आधीं जातात आणि खालचे बहुधा वांचतात, त्याचें कारणही हेंच. बाटलीनें पितांना खालच्या दांतांवर जीभ येते, वरच्यांवर दूध साचतें. साखरेऐवजीं गूळ किंवा मध दिला म्हणजे भागलें, असें मानणाऱ्यांनीं जंतूंस तो भेद कळत नाहीं हें लक्षांत घ्यावें.

हें वाचल्यावर आम्हीं एका रविवारीं एक प्रयोग केला. पाटी घेऊन ओटीवर बसलों, आणि नातीच्या तोंडांत गोड कितीदां जातें त्याच्या रेघा ओढीत गेलों. सकाळचें दूध, देवापुढची खडीसाखर, चहांत बुडविलेलें बिस्किट, काकानें आणलेली गोळी, शेजारच्या काकूंचा लाडू, खोकल्याचें गोड औषध, आत्याच्या पिशवींतलें चॉकलेट... रात्रीपर्यंत अकरा रेघा झाल्या. त्या मोजून घरांतल्या सर्वांस दाखविल्या, तेव्हां जो तो म्हणूं लागला, मीं तर एकदांच दिलें. आणि तें अक्षरशः खरें होतें. एकत्र कुटुंबाचें हें एक गूढ आहे: लाड करण्यास आठ हात असतात, प्रत्येक हात आपापल्या परीनें संयमीच असतो, आणि दांत घासावयास मात्र एकही हात नसतो, कारण प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्या कोणीं तरी घासले असतील. सुनेला वाटे सासूबाईंनीं, त्यांना वाटे सुनेनें, आणि आम्ही तर नुसतेच शेजारीं उभे.

आतां फ्लोराइडकडे वळूं; कारण आमची खरी चूक तेथेंच झाली. तें विषारी आहे असें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें, आणि वाचलें तें खोटें नव्हतें, अर्धें होतें. आपल्या महाराष्ट्रांत यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं जमिनीखालच्या खडकांतून उपसलेल्या पाण्यांत हें द्रव्य मर्यादेबाहेर असतें. तेथें मुलांचे दांत डागाळतात, आणि वर्षानुवर्षें तें पाणी पिणाऱ्यांचीं हाडें व सांधे ताठतात. त्या काळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत हाडांचा असा विकार आढळल्याचें १९३७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. म्हणून भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावें, आणि दुसरें पाणी नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घ्यावें, असें ठरलें आहे.

गंमत अशी कीं, या द्रव्याचा गुण प्रथम त्याच्या दोषावरूनच कळला. फ्रेडरिक मॅके नांवाचा तरुण दंतवैद्य १९०१ सालीं अमेरिकेंतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गांवीं व्यवसायास आला, तों तेथील मुलांचे दांत तपकिरी डागांनीं भरलेले. कारण कोणास ठाऊक नव्हतें. १९०९ सालीं त्या काळचे मोठे दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक हे मॅके यांच्या साहाय्यास आले. डागाळलेले हे दांत कुरूप असले तरी किडत फारसे नाहींत, असें त्यांच्या नजरेस आलें. पाण्यांतच कांहीं तरी आहे असा संशय येऊन मॅके यांनीं वर्षानुवर्षें त्याचा पाठपुरावा केला. शेवटीं १९३१ सालीं अॅल्युमिनियमच्या एका कंपनींतील चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या पृथक्करणांत तें ‘कांहीं तरी’ म्हणजे फ्लोराइड असल्याचें उघड झालें. पुढें ट्रेंडली डीन यांनीं गांवोगांवचें पाणी व मुलांचे दांत ताडून पाहिले आणि दाखविलें कीं, लिटरला सुमारें १ मिलिग्रॅम असेल तर डाग जवळजवळ पडत नाहींत, आणि कीड मात्र पुष्कळ कमी होते. २५ जानेवारी १९४५ रोजीं ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यांत तें मुद्दाम मिसळण्यास आरंभ झाला. आणि पुढल्या दशकांत तें पेस्टमध्यें आलें. एका दंतवैद्यानें तीस वर्षें एका डागाचा पिच्छा पुरविला, म्हणून आज आपल्या मोरीच्या फळीवर ती नळी आहे.

हें द्रव्य करितें काय? लाळ जेव्हां दांतांत क्षार परत भरते, त्या वेळीं फ्लोराइड जवळ असेल तर तें काम लवकर होतें, आणि नवा भरलेला थर पहिल्यापेक्षां आम्लास अधिक दाद न देणारा होतो. पूर्वीं समजत असत कीं तें पोटांतून दांतांत जातें. आतां असें ठरलें आहे कीं त्याचें मुख्य काम दांताच्या पृष्ठभागावरच होतें. म्हणून तें गिळावयाचें नाहीं, तर दांतांवर राहूं द्यावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत फ्लोराइडयुक्त पेस्ट घातली आहे. हें वाचून आमच्या ‘रसायनें नकोत’ या अभिमानाचें उरलेंसुरलें तेजही मावळलें.

राहिला प्रमाणाचा प्रश्न; त्यासाठीं शाळेंतलें त्रैराशिक पुरतें. आपल्याकडील नियमाप्रमाणें पेस्टमध्यें दशलक्ष भागांत १००० भागांहून अधिक फ्लोराइड असूं नये, आणि तें किती आहे हें नळीवर व खोक्यावर छापलेलें असावें लागतें. म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्यें १ मिलिग्रॅम. तीन वर्षांच्या आंतल्या मुलास तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सांगितली आहे; ती सुमारें दशांश ग्रॅम भरते. तींत फ्लोराइड एक दशांश मिलिग्रॅम. दोन वेळां घासून मुलानें सर्व गिळलें तरी एक पंचमांश. तीन ते सहा वर्षांच्या मुलास मटाराच्या दाण्याएवढी. अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संस्थेनें २०१४ पासून पहिला दांत दिसतांच ही तांदळाएवढी पेस्ट सुरू करण्यास सांगितलें आहे. जाहिरातींतल्या चित्राप्रमाणें ब्रशच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पेस्टची लाट काढिली, आणि मुलानें ती गोड म्हणून रोज गिळली, तर मात्र पुढें येणाऱ्या कायमच्या दांतांवर पांढुरके ठिपके उमटूं शकतात. नळी मुलाच्या हातीं लागूं देऊं नये हें तर उघडच आहे. १०० ग्रॅमच्या नळींत १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतें, आणि मुलानें तींतली बरीचशी खाल्ली तर वैद्याकडे धांवावें लागेल. विंधनविहिरीचें पाणी पिणाऱ्यांनीं, विशेषतः वर सांगितलेल्या जिल्ह्यांत, आधीं पाणी तपासून घेऊन दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. आणि नळी विकत घेतांना चष्मा लावावा. मुलांसाठीं म्हणून चित्रें छापून विकल्या जाणाऱ्या कांहीं पेस्टमध्यें फ्लोराइड मुळींच नसतें, कांहींत निम्मेंच. आणि कीड निश्चित आवरते असा पुरावा १००० च्या आसपासच्या पेस्टबद्दल आहे.

धाकट्या नातवाचा पहिला दांत सातव्या महिन्यांत दिसला, त्या दिवसापासून घरांत पाळी लागली. सकाळीं आमचे चिरंजीव, रात्रीं आम्ही. पेस्ट ब्रशवर लावण्याचें काम सुनेनें स्वतःकडे ठेविलें, कारण आमच्या हातून पहिल्या दिवशीं जो तांदूळ पडला त्यास ती म्हणाली, “बाबा, आंबेमोहराचा दाणा धरा, बासमतीचा नव्हे.” मुलाचें डोकें आपल्या मांडीवर, तोंड उजेडाकडे, डाव्या बोटानें ओंठ उचलून धरावयाचा आणि लहान मऊ ब्रश हिरडीच्या कडेनें हलक्या हातानें फिरवावयाचा, एवढी ही क्रिया. पहिला महिना मूल रडलें. रडतांना तोंड उघडें असतें, ही त्यांतली सोय. घासून झाल्यावर मोठ्या मुलानें थुंकावें, पण चूळ भरूं नये, कारण पाण्याबरोबर औषधही निघून जातें. आम्हां लोकांस खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखें वाटत नाहीं. ही एक गोष्ट गळीं उतरावयास आमच्या कुटुंबास सर्वांत जड गेली. रात्रीं घासल्यानंतर पाण्यावांचून दुसरें कांहीं नाहीं. बाटली वर्षाच्या आंतच सुटली आणि पेला आला. गोडाची बंदी आम्हीं केली नाहीं. सणवार असलेल्या घरांत ती टिकत नाहीं. गोड जेवणाबरोबर द्यावयाचें, मध्यें नाहीं, एवढेंच ठरविलें, आणि खडीसाखर देवापुढून थेट फडताळाच्या वरच्या फळीवर परत गेली.

महिन्यांतून एकदां ओंठ उचलून हिरडीपाशीं खडूसारखी पांढरी रेघ दिसते काय, तें पाहतों. ती कीडीची पहिली खूण. त्या वेळीं सांवरलें तर दांत परत भरून येतो. नातीच्या दांतांवर तशी रेघ केव्हां तरी नक्कीच आली असली पाहिजे, आणि तीही आमच्याच डोळ्यांसमोर. दंतवैद्य बाई दर सहा महिन्यांनीं दोन्ही मुलांच्या दांतांस फ्लोराइडचा लेप लावितात; नातू आतां तेथें निर्धास्त जातो, नात अजून आईचा पदर सोडीत नाहीं.

नातीचे दांतही आतां रात्रीं आम्हीच घासतों. ती सातव्या वर्षांत आहे आणि “माझें मला येतें” म्हणते. परंतु सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातास मागचे कोपरे साधत नाहींत, म्हणून प्रथम ती घासते, मग आम्ही. गेल्या महिन्यांत एका रात्रीं उजवीकडे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागें, ब्रश कशास तरी अडला. विजेरी आणवून पाहिलें, तों हिरडींतून एका रुंद, पांढऱ्या दाढेचे चार उंचवटे वर आलेले. तेथें कोणताही दांत पडला नव्हता, म्हणून कोणाच्या ध्यानांतही आलें नव्हतें. सहाव्या-सातव्या वर्षीं येणारी ही पहिली कायमची दाढ बहुतेक घरांत अशीच गुपचूप येते, आणि दुधाचीच समजली जाते. नातीनें आरशांत बराच वेळ पाहिलें.

“आजोबा, ही पण पडणार?”

“नाहीं ग. ही राहावयास आली आहे,” असें आम्हीं म्हटलें, आणि ब्रश पुन्हां एकदां तिच्या मागच्या कडेपर्यंत नेला.